होले-पारवे शेतात उतरतात, बंदूक चालत नाही. मग राखण कशी करायची?

धान कापून झालं, बांधीत लाखोरी हिरवी दिसू लागली, बाजूच्या वावरात वाटाणा-हरभरा पेरला, की बालाघाट, वारासिवनी, लालबर्रा, कटंगी पट्ट्यात आणि नदीपलीकडे गोंदिया-तुमसरकडेही एकच तक्रार ऐकू येते. सकाळी उठून पाहावं तर होल्यांचा थवा वावरात. यंदा तक्रारीसोबत नवा प्रश्नही येतोय. गावातले पोट्टे मोबाईलवर इंग्लंडचे व्हिडिओ पाहतात. शेतात प्लास्टिकची खोटी कबुतरं मांडायची, जाळीमागं लपून बसायचं आणि थवा उतरला की धाडधाड गोळ्या. मग विचारतात, "भाऊ, हे आपल्याकडं काहून नाही करता येत?"

तर सरळ उत्तर आधी देऊ. आपल्याकडं हा गुन्हा आहे. पण त्या व्हिडिओतली अर्धी विद्या, म्हणजे पाखरू येतं कुठून, बसतं कुठं आणि कशाला भुलतं, ही राखणीसाठी सोन्यासारखी आहे. ती उलटी वापरायची, एवढंच.

आधी ओळख पटवा

व्हिडिओतलं 'वूड पिजन' हे युरोपचं पाखरू. भारतात ते वायव्य हिमालयाच्या बाजूला हिवाळ्यात दिसतं, बालाघाटात नाही. आपल्या वावरात येतात ते होले आणि पारवे. पठाणी होला फिक्कट राखाडी, मानेमागं काळी अर्धी पट्टी. ठिपकेवाला होला म्हणजे कवडा, मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पट. छोटा तपकिरी होला अंगणातही फिरतो. पारवा म्हणजे निळसर राखाडी कबूतर. त्याचा मुक्काम जुन्या इमारतीत, पुलाखाली आणि राईस मिलच्या पत्र्याखाली. मिलजवळ वावर असेल त्यानं हे लक्षात घ्यावं, कारण पारवा मोठ्या थव्यानं येतो, होला बहुधा जोडीनं किंवा पाच-दहाच्या टोळीनं.

हरियलला यात ओढू नका. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी, वड-पिंपळ-उंबराची फळं खाणारा. जमिनीवर तो फारसा उतरतच नाही. पिकाच्या नावाखाली त्याला गुलेलीनं पाडणारे पीक वाचवत नसतात, रस्सा करत असतात.

नुकसान कोणी केलं हेही पाहावं. होला-पारवा दाणा वेचतो, ओंबी फोडत बसत नाही. पेरलेलं बी उकरलेलं, कोंब उपटून दाणा गेलेला, तर संशय त्यांच्यावर. धानाची लोंबी कापून खाली टाकलेली असेल तर पोपट. दाणा चिकात असताना चिरडून पिळल्यासारखा असेल तर मुनिया किंवा सुगरण. बुडाजवळ तिरपा कापलेला धांडा म्हणजे उंदीर, तिथं बुजगावणं उभं करून काय होणार! आणि कापणीनंतर बांधीत सांडलेले दाणे वेचणारा होला तुमचं काही नेत नाही, उलट तणाचं बी खातो. त्याच्यामागं धावण्यात सकाळ घालवू नका.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या कलम ९ नुसार शिकार बंद आहे. 'शिकार' या शब्दात फक्त गोळी मारणं येत नाही. पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं येतं. म्हणजे खोटं कबूतर मांडून फासा लावला आणि पाखरू अडकलंच नाही, तरी प्रकरण होऊ शकतं.

जुनी माणसं सांगतात, "कबूतर चालते." याला आधार होता. जुन्या चौथ्या परिशिष्टात कबूतरवर्गातले सगळे पक्षी संरक्षित होते, फक्त निळा पारवा वगळलेला. पण २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टं नव्यानं लिहिली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहेत. जुन्या सवलतीच्या भरवशावर कोणी बंदूक उचलू नये. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या परिशिष्टातला प्राणी असला किंवा शिकार अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात झाली, तर किमान तीन वर्षं आणि सातपर्यंत. बैहर, परसवाड्याकडं कान्हाचं जंगल लागून आहे, तिथल्यांनी हे दोनदा वाचावं.

"माझ्याकडं पीकरक्षणाचा परवाना आहे" हा दुसरा गैरसमज. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, हे खरं. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा, प्राणी मारण्याचा नव्हे. काही एअरगनला परवानाच लागत नाही, म्हणून पाखरू मारायची मोकळीक मिळत नाही. उभ्या पिकाला धोका झाला तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी, कारणासह परवानगी देऊ शकतो. केंद्र सरकार कलम ६२ खाली एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी ठरवू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय-रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकडांबाबत असे आदेश निघाले. त्यांत पाखरं नव्हती.

आमिषाची ही विद्या आपल्याला काही नवी नाही. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा, तो ओरडला की रानातला तितर भांडायला येतो आणि भोवतीच्या फासात पाय अडकतो. फासेपारध्यांच्या नावातच फासा आहे. पाखराचं ज्ञान त्यांच्याइतकं क्वचितच कोणाकडं असेल. कायद्यानं तो धंदा बंद झाला, ज्ञान मात्र बंद करता येत नाही. राखणीला अशा माणसाला विचारलं तर पुस्तकाबाहेरचं बरंच कळतं.

मारून कमी होतात का?

इंग्लंडात पीकरक्षणासाठी वूड पिजन मारायला परवानगी आहे आणि लाखोंनी मारलेही जातात. तिथल्या आर. के. मर्टन या शास्त्रज्ञानं अनेक वर्षं याचाच अभ्यास केला. त्याला दिसलं ते असं, की हिवाळ्यात उपासानं तशीही बरीच कबुतरं मरतात. बंदुकीनं काही मेली तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं आणि ती जगतात. वसंतात संख्या जवळपास तीच. १९७४ साली हा अभ्यास छापून आला. आपले होले तर वर्षभर अंडी घालतात, एका वेळी दोन. म्हणून संख्येचा नाद सोडा आणि ज्या दहा-पंधरा दिवसांत नुकसान होतं तेवढेच दिवस सांभाळा.

राखणीची खरी गंमत पहिल्या जोडीत

होला थेट वावरात उतरत नाही. आधी विजेच्या तारेवर, वाळलेल्या पळसावर किंवा बांधावरच्या बाभळीवर बसतो आणि खाली बघतो. खाली दुसरे होले निवांत टिपताना दिसले, की "इथं भीती नाही" असं समजून उतरतो. इंग्लंडचे शिकारी खोटी कबुतरं मांडतात ती याचसाठी. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पहिली जोडी बसू द्यायची नाही. ती बसली की तीच तुमच्या वावरातली खोटी कबुतरं होतात आणि तासाभरात पन्नास गोळा होतात. उशिरा येऊन पन्नास उडवण्यापेक्षा उजाडता उजाडता दोन उडवणं सोपं.

त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. सूर्य उगवल्यापासून दोन-तीन तास, मग दुपारी तीननंतर मावळेपर्यंत. मधल्या वेळात ती पाणी पितात, सावलीत बसतात. दिवसभर माणूस बसवायची गरज नाही. येण्याची वाटही रोजची असते, नाल्याच्या काठानं, झाडांच्या रांगेनं, मिलकडून तळ्याकडं. दोन सकाळी नुसतं बसून पाहा, तिसऱ्या दिवशी कुठं उभं राहायचं ते कळतं. वारा असेल तर पाखरू वाऱ्याकडं तोंड करून उतरतं. म्हणजे उत्तरेचा वारा असला तर ते दक्षिणेच्या टोकाकडून शेतावर येईल. राखणदार त्या टोकाला हवा, मचाण सोयीचं म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात नको.

बुजगावणं चालतं, पण त्याला पाय हवेत. एका जागी उभं राहिलं की चार दिवसांत होला त्याच्या डोक्यावर बसतो. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. त्याला तुमचाच रोजचा शर्ट आणि दुपट्टा घाला आणि अधूनमधून त्याच जागी तसाच शर्ट घालून स्वतः उभे राहून गोफण फिरवा. मग पाखराला खरं-खोटं कळत नाही. चमकणारी लाल-चंदेरी पट्टी कृषी केंद्रांत मिळते. पाच ते दहा मीटर अंतरानं, पिकाच्या थोडी वर, दोन-तीन पीळ देऊन बांधावी. वाऱ्यानं ती चमकते आणि गुणगुणते. वारा पडला की तिचं काम संपलं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पाखरं तिला सरावतात. म्हणून पेरणीच्या दिवशी नाही, बी फुटायच्या तोंडावर बांधा आणि धोका टळला की काढून ठेवा. पुढच्या साली तीच कामी येते.

मागच्या खेपेला मी स्वतः वाटाणा आठ दिवस आधी टाकला. बाजार लवकर गाठू म्हणून. आसपास सगळी वावरं रिकामी, हिरवं फक्त माझं. अर्ध्या एकरात दोनदा बी टाकावं लागलं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी पेरणाऱ्याचंच जास्त जातं. शेजाऱ्यांसोबत पेरलं तर पाखरं वाटली जातात. फेकून पेरण्यापेक्षा तिफणीनं ओळीत, मातीआड पेरलेलं बी कमी सापडतं. उन्हाळ्याच्या शेवटी धानाचे पऱ्हे टाकताना वर तणस किंवा जुन्या लुगड्याचं पांघरूण घाला, कोंब वर आले की काढा. नायलॉनची बारीक जाळी लावलीच तर ताणून लावा आणि दिवसातून दोनदा पाहा. ढिल्या जाळीत साप, घुबड सगळंच अडकतं.

हे करू नका

थिमेट लावलेले दाणे टाकू नका. फोरेटवर देशात बंदी आहे, आणि विष खाल्लेला होला उडत जाऊन दुसऱ्याच्या वावरात पडतो. तिथं त्याला कुत्रं, घार, शिक्रा खातो. शिवाय वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, बालाघाट आणि गोंदियात, सारस आहे. धानाच्या बांधीतच घरटं करणारा हा पक्षी शेतकऱ्यांनीच राखला आहे. दाणे तोही टिपतो.

पाईपची कार्बाईड गनही नको. माकडं, पाखरं हाकलायला म्हणून ती आली, आणि २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशाकडं तिनं कितीतरी लेकरांचे डोळे भाजले. डबा वाजवा, फटाक्याची एखादी लड लावा, गोफण फिरवा.

नुकसान झालंच तर

मध्य प्रदेशात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची मदत महसूल खात्याकडून, राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ खाली मिळते. म्हणजे पटवारी आणि तहसील. महाराष्ट्रात हेच काम वन खात्याचं आहे, अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात. सीमेवर दोन्हीकडं वावर असलेल्यांची इथंच गल्लत होते. पीकविम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान जोडायचा निर्णय केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, खरीप २०२६ पासून. त्यात ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह कळवावं लागतं आणि कोणते प्राणी धरायचे ती यादी राज्य ठरवतं. विमा काढताना आपल्या राज्याच्या यादीत पाखरं आहेत का, हे आधी विचारून घ्या आणि उत्तर लिहून मागा.