‘फ्लाइट’: विमानांबरोबर वाढलेलं साप्ताहिक

१६ ऑक्टोबर १९०८ रोजी सॅम्युअल कोडी यांनी फार्नबरोला विमान उडवलं. ब्रिटनमधलं इंजिनाच्या विमानाचं हे पहिलं उड्डाण मानलं जातं. जेमतेम अर्धा मिनिट हवेत राहून विमान खाली आपटलं. त्यानंतर तीन महिने उलटायच्या आत, २ जानेवारी १९०९ रोजी, ‘फ्लाइट’चा पहिला अंक निघाला. दर आठवड्याला द्यायला देशात पुरेशी विमानंही नव्हती!

हे धाडस स्टॅन्ली स्पूनर यांचं. मोटारींना वाहिलेल्या ‘ऑटोमोटर जर्नल’चे ते संपादक. त्याच अंकांत विमानविद्येच्या बातम्याही येत. १९०८च्या उन्हाळ्यात विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये ल मांजवळ उड्डाणं करून दाखवली आणि युरोपातल्या शंकेखोरांची तोंडं बंद झाली. हा विषय आता मोटारींच्या पानांत मावणार नाही, हे स्पूनर यांनी हेरलं आणि त्याची चूल वेगळी मांडली. वैमानिकांना परवाने देणाऱ्या एरो क्लब या ब्रिटिश संस्थेचं मुखपत्र असल्याने ‘फ्लाइट’मध्ये पुढे नव्या वैमानिकांच्या परवान्यांची नोंदही होऊ लागली. पहिल्या अंकानंतर सात महिन्यांत फ्रेंच वैमानिक ब्लेरियो यांनी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली आणि स्पूनर यांचा होरा खरा ठरला.

‘फ्लाइट’ची खरी दौलत म्हणजे त्यातली छेदचित्रं. मॅक्स मिलर यांच्यासारख्या चित्रकारांनी या कामात हयात घातली. चित्रात पंखावरचा पत्रा मधेच सोलल्यासारखा दिसे. आत फासळ्या, त्यांना पेलणारी आडवी तुळई, इंधनाची टाकी, सुकाणूपर्यंत गेलेल्या तारा. एकेका भागाला आकडा आणि बाजूला त्याचं नाव. कारखान्याची पायरीही न चढलेल्या वाचकाला यंत्राचं पोट उघडून दाखवणारी ही विद्या मला पत्रकारितेतली मोठी कामगिरी वाटते.

१९६२मध्ये ‘फ्लाइट’चं नाव ‘फ्लाइट इंटरनॅशनल’ झालं. १९११पासूनचा प्रतिस्पर्धी ‘एरोप्लेन’ १९६८मध्ये त्यातच विलीन झाला. २०२०मध्ये साप्ताहिकाचं मासिक झालं.

विमानाचा इतिहास नंतर अनेकांनी लिहिला, पण त्यांना शेवट ठाऊक होता. ‘फ्लाइट’ने मात्र कोणतं यंत्र टिकेल आणि कोणतं भंगारात जाईल हे ठरायच्या आधी, त्या-त्या आठवड्यात, दोन्हींची सारख्याच आस्थेने नोंद केली. म्हणूनच अभ्यासकाला आजही त्या जुन्या अंकांकडे वळावं लागतं.