ऑरगॅनिक केमिस्ट्रीची चाळणी आणि मेरिटचा इतिहास

मेडिकलच्या प्रवेशाचा विषय निघाला की आपल्या मुलांच्या तोंडावर एकच शब्द फेकला जातो : मेरिट. जणू ते आभाळातून पडले आहे! प्रवेशाची प्रत्येक अट कोणीतरी, कोणत्यातरी साली घातलेली असते. अमेरिकेतल्या अशाच एका अटीचा इतिहास आम्ही इथे मांडत आहोत. ती अट म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्री. तिकडे मेडिकलआधी कॉलेजची पदवी घेतात आणि त्या काळात हा विषय शिकावा लागतो.

१९१० साली कार्नेगी फाउंडेशनने अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल छापला. फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, लुईव्हिल शहरातले शिक्षक होते. अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजे त्यांनी तपासली. अनेक ठिकाणी धड प्रयोगशाळा नव्हती; फी भरा आणि डॉक्टर व्हा, असा धंदा होता. तो बुडाला याचे आम्हाला दुःख नाही. रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र घेऊन किमान दोन वर्षे कॉलेज केलेल्यांनाच प्रवेश द्या, असे त्यांनी सुचवले. पुढच्या काही दशकांत ऑरगॅनिक केमिस्ट्री जवळपास सर्वत्र सक्तीची झाली.

पण या चाळणीत अडकले कोण? कृष्णवर्णीयांची तेव्हा सात मेडिकल कॉलेजे होती. फ्लेक्सनरांनी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी ठरवली. उरलेली पाच १९२३ पर्यंत बंद पडली. त्यांतले एक फ्लेक्सनरांच्या लुईव्हिलमधलेच होते. या कॉलेजांकडे प्रयोगशाळेला पैसा नव्हता, हे खरे. मग पैसा द्यायचा की कुलूप लावायचे? अहवालाने कुलूप निवडले. वर कृष्णवर्णीय डॉक्टरांनी आपल्याच लोकांत काम करावे आणि शस्त्रक्रियेपेक्षा स्वच्छतेकडे लक्ष द्यावे, असाही सल्ला दिला. स्वच्छतेचे काम कोणाच्या वाट्याला घालायचे, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात पोहोचले, तेव्हा त्या देशात ही कुलुपे लागत होती. ती पाच कॉलेजे चालू राहिली असती तर ३५ हजारांहून अधिक डॉक्टर घडले असते, असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासाने मांडला.

अट मात्र टिकली. स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड बार यांनी २००८ साली दाखवले की डॉक्टर व्हायला आलेली अल्पसंख्याक मुले सुरुवातीच्या वर्षांतच ते स्वप्न सोडतात आणि त्याचे कारण म्हणून सर्वाधिक नाव येते ते केमिस्ट्रीच्या वर्गांचे. आता दुसरी बाजू पाहा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजने १९८७ पासून साहित्य-इतिहास शिकणाऱ्या काही मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीशिवाय प्रवेश दिला. त्यांची इतरांशी तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. मेडिकलच्या अभ्यासात ती मुले मागे पडली नव्हती. मग ती अट नेमके काय मोजत होती?

यावरून ‘केमिस्ट्री नकोच’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो आम्हाला मान्य नाही. औषध म्हणजे रेणू. शरीरात त्याचे काय होते हे समजायला हे शास्त्र लागतेच, आणि ते आपल्या पोरांना उत्तम आले पाहिजे. आमचे भांडण विषयाशी नाही. न शिकवता परीक्षा घेणाऱ्यांशी आहे.

पर्सी ज्युलियन यांचेच पाहा. गुलामांचे नातू, जन्म अलाबामातला, १८९९ चा. डीपॉ कॉलेजात आले तेव्हा शाळेत राहिलेले विषय त्यांना कॉलेजच्या तासांसोबत शिकावे लागले. ती संधी मिळाली आणि १९२० साली ते वर्गात पहिले आले. १९३५ मध्ये त्याच डीपॉत त्यांनी काचबिंदूवरचे फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत बनवून दाखवले. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत याहून मोठे मेरिट कोणते? तरीही कॉलेजने त्यांना प्राध्यापक केले नाही, कारण कातडी काळी. ते शिकागोत एका रंगाच्या कंपनीत गेले आणि सोयाबीनपासून संप्रेरके बनवू लागले. पुढे त्यांनी ओक पार्कच्या गोऱ्या वस्तीत घर घेतले. १९५० साली ते जाळण्याचा प्रयत्न झाला आणि १९५१ साली त्यावर डायनामाइट फेकले गेले.