सायकलची चेन आणि घाटाचा पायथा



उतार लागला की आपण सायकलवर पाय स्थिर ठेवतो आणि चाक आपलं फिरत राहतं. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची ही करामत. पण सायकलच्या पहिल्या दिवसांत असं नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरायचंच, आणि पायडल रोखलं की चाकही अडायचं. गोल मैदानावरच्या शर्यतीत आजही अशीच जखडलेल्या चाकाची सायकल चालते, आणि तिला ब्रेकही नसतो. या सायकलीत दाते, चाक आणि चेनचा ताण यांची एकच गाठ असते. एकाला हात लावला की बाकीच्यांकडे बघावंच लागतं. ही गाठ सोडवायला माणसाला कित्येक वर्षं लागली, त्याची ही हकीकत.

१८७० नंतर इंग्लंडात उंच चाकाची सायकल आली. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच. पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरणार. म्हणून वेग हवा असेल तर चाक मोठं हवं. पण चाक वाढवायचं किती? स्वाराचा पाय पोचेल तितकंच. उंच माणसाला वेग आणि बुटक्याला मनस्ताप, असा तो न्याय होता. शिवाय वरून तोंडावर पडण्याची भीती होतीच.

हा तिढा चेनने सोडवला. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने रोलरची मजबूत चेन तयार केली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने सारख्याच बेताच्या दोन चाकांची, चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. आपल्या गावातली सायकल तिच्याच वंशातली. आता वेग पायाच्या लांबीवर राहिला नाही, दात्यांच्या हिशेबावर आला.

शिक्षक मित्रहो, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. पुढे ४४ दाते, मागे २२, चाक २८ इंची. ४४ भागिले २२ म्हणजे २. दोन गुणिले २८ म्हणजे ५६. म्हणजे ही सायकल ५६ इंची उंच चाकासारखी धावते. पायडलच्या एका फेऱ्यात ती १७६ इंच, म्हणजे १४ फूट ८ इंच पुढे जाते. मागे १६ दाते बसवले तर तेच माप ७७ इंच होतं आणि एका फेऱ्यात २० फूट २ इंच अंतर पडतं. सपाटीवर हे फार छान; पण घाटात गुडघे बोलू लागतात! वेग आणि सोपेपणा दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत.

मग शर्यतीत एकाच दिवशी सपाटीही आली आणि घाटही आला, तर काय करायचं? १९०३ मध्ये फ्रान्समध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू झाली. १९१० मध्ये ती २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले घाटातून गेली. शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांचं मत असं, की कसोटी माणसाच्या स्नायूंची व्हावी, यंत्राची नव्हे. त्यामुळे धावता धावता चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला तिथे मज्जाव होता. मग स्वार मागच्या चाकाच्या दोन बाजूंना कमीजास्त दात्यांची दोन चक्रं बसवीत. घाटाचा पायथा आला की उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं.

पण तेवढ्याने भागत नसे. मागे ६ दाते वाढले की तीच चेन अपुरी पडते आणि चाक सुमारे पाऊण इंच पुढे घ्यावं लागतं. त्यासाठी चिमट्यात लांबट खाच असते. चाक सरळ धरून ताण बघायचा आणि मग नट आवळायचे. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखंच हे आहे: सैल राहिला तर निसटतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. जखडलेल्या चाकाची चेन उतरली तर ती अडकून चाकच जाम होऊ शकतं, आणि स्वार रस्त्यावर!

थंडीत हे काम किती जिवावर येत असेल! सांगतात, की १९२७ मध्ये इटलीतल्या क्रोचे दाउने घाटात, बर्फात, तुल्लिओ कंपान्योलो या शर्यतपटूची बोटं गारठली आणि चाकाचे नट काही केल्या सुटेनात. एका खटक्यात चाक सोडवणारी दांडी त्याला तिथे सुचली, अशी कथा आहे. १९३३ मध्ये त्याने व्हिचेंझा शहरात कारखाना काढला, हे मात्र पक्कं. पुढे १९३७ मध्ये फ्रान्सच्या त्या शर्यतीतही दाते बदलणाऱ्या यंत्राला मुभा मिळाली. चेनचा ताण सांभाळण्याचं काम आता स्प्रिंगकडे गेलं, आणि घाटाच्या पायथ्याशी उतरणं संपलं.

आपल्या साध्या सायकलीत मात्र ते काम अजून आपल्याच हाती आहे. तेव्हा एकदा बघा. सायकल उभी करा, पायडल हळूहळू फिरवा आणि चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे थांबा. हात काढून घेतल्याशिवाय पुन्हा पायडल फिरवू नका. चेन आणि दाते यांत बोट सापडलं तर तुटतं. तिथे चेन मधोमध वरखाली अर्धा इंच हलली की ताण बरोबर. मग चाक दोन्ही बाजूंना सारखं आहे ना ते पाहा आणि नट घट्ट करा. आणि पाना हातात आहे तोवर मुलांना दाते मोजायला सांगा. पुढचा हिशेब ती आपोआप करतील.