लिनक्सवर चालणारा दिवाणखान्यातील गेमिंग संगणक : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : उजनी धरणाकाठची गावे)

प्रस्तावना :

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाखाली करमाळा, माढा, इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांतील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. काही गावांची जुनी गावठाणेही बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर आजही उघडे पडते. विस्थापित कुटुंबे नव्या गावठाणांत वसली. ऊस, केळी व मासेमारी यांवर त्यांचा प्रपंच पुन्हा उभा राहिला आणि पुढच्या खोलीत क्रमाने रेडिओ, दूरदर्शन संच, डिश आणि स्मार्टफोन आले. घरात येणाऱ्या वस्तूंचा हा क्रम सामाजिक इतिहासाचाच भाग आहे.

या क्रमात एका नव्या वस्तूची चर्चा अलीकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत होऊ लागली आहे. टीव्हीला जोडून खेळ खेळता येतील असा, परंतु विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणारा छोटा संगणक ही ती वस्तू होय. तो विकत घेण्यायोग्य आहे काय, हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर यंत्राच्या जाहिरातीत न सापडता त्याच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) लिनक्स-आधारित गेमिंग यंत्रांच्या प्रयत्नांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) त्यांच्या यशापयशाची कारणे शोधणे.
३) उजनीकाठच्या ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने या खरेदीची उपयुक्तता तपासणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी धरणाच्याच परिभाषेतील दोन संज्ञा वापरल्या आहेत. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा असून उपयुक्त साठा सुमारे ५३.६ टीएमसी आहे. म्हणूनच धरणात पाणी दिसत असतानाही ते 'वजा पातळीत' गेल्याची बातमी येते. गेमिंग संगणकाचेही असेच आहे. यंत्राची एकूण क्षमता आणि त्यावर प्रत्यक्ष खेळता येणाऱ्या खेळांचा उपयुक्त साठा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पूर्वपीठिका :

टीव्हीला जोडलेला खेळ ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकला १९९० च्या दशकात तालुक्याच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचल्या. 'कॅसेट' घालून खेळायचे हे 'व्हिडिओ गेम' असत. मारिओ, कॉन्ट्रा ही नावे त्या पिढीला आजही आठवतात. या यंत्रांची तांत्रिक गुणवत्ता सामान्य होती. परंतु त्यांना इंटरनेट लागत नसे, कॅसेट मित्राला देता येई आणि घातलेली कॅसेट लगेच सुरू होई. दुसऱ्या शब्दांत, त्यांचा जवळजवळ सर्व साठा उपयुक्त होता. पुढील यंत्रांचे मूल्यमापन करताना ही जुनी फूटपट्टी विसरून चालणार नाही.

लिनक्सचे आरंभीचे प्रयत्न (१९९८ ते २०१०) :

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. सर्व्हरच्या क्षेत्रात ही प्रणाली लवकरच रुजली, परंतु खेळांच्या क्षेत्रात तिची वाट खडतर ठरली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने विंडोजवरील गाजलेले खेळ लिनक्ससाठी नव्याने बांधण्याचा व्यवसाय आरंभिला. पुरेसे ग्राहक न मिळाल्याने जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. याच सुमारास इंड्रेमा या कंपनीने लिनक्सवर चालणाऱ्या, टीव्हीला जोडावयाच्या गेमिंग यंत्राची घोषणा केली होती. ते यंत्र ग्राहकांच्या हाती पडण्यापूर्वीच २००१ मध्ये कंपनीचा कारभार आटोपला.

सोनी कंपनीचा अनुभव निराळा, पण तितकाच बोधप्रद आहे. तिने २००२ मध्ये प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच विकला, तर २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची मुभा दिली. मात्र एप्रिल २०१० मध्ये सुरक्षेचे कारण देऊन एका अद्ययावतीकरणाद्वारे ही मुभा काढून घेण्यात आली. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या यंत्रातील सोय निर्माता दुरून बंद करू शकतो, हे यातून जगासमोर आले.

स्टीम मशीनचा पहिला प्रयोग (२०१२ ते २०१८) :

संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी ऑनलाइन बाजारपेठ असलेली 'स्टीम' ही सेवा व्हॉल्व्ह ही अमेरिकी कंपनी चालविते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये स्वतःचे ॲप-दुकान आणले, तेव्हा कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०१२ मध्ये त्यावर कडक टीका केली. ज्या कार्यप्रणालीवर आपला सारा व्यापार अवलंबून आहे तिचा मालकच प्रतिस्पर्धी झाला, ही त्यामागील चिंता होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीमची लिनक्स आवृत्ती आली. सप्टेंबर २०१३ मध्ये 'स्टीमओएस' या लिनक्स-आधारित प्रणालीची घोषणा झाली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये एलियनवेअर, झोटॅक आदी उत्पादकांची 'स्टीम मशीन' नावाची यंत्रे बाजारात आली. एलियनवेअरच्या प्राथमिक यंत्राची किंमत ४४९ डॉलर होती.

हा प्रयोग फसला. त्याची तीन कारणे दिसतात. पहिले, विंडोजवरील बहुसंख्य लोकप्रिय खेळ लिनक्सवर उपलब्धच नव्हते. दुसरे, जे उपलब्ध होते त्यांपैकी अनेक खेळ एकाच यंत्रावर विंडोजच्या तुलनेत मंद चालत असल्याचे तत्कालीन चाचण्यांत दिसून आले. तिसरे, वेगवेगळ्या उत्पादकांची, किमतींची व क्षमतांची यंत्रे एकाच नावाने विकली गेल्याने ग्राहक गोंधळला. २०१८ च्या पूर्वार्धात स्टीमच्या मुख्य यादीतून या यंत्रांचा विभाग काढून टाकण्यात आला. भिंत बांधून झाली होती, पण पाण्याची आवक नव्हती, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

प्रोटॉन आणि त्यानंतर (२०१८ ते २०२५) :

यानंतर व्हॉल्व्हने क्रम उलटा केला. आधी यंत्र आणि मग खेळ, याऐवजी आधी खेळ आणि मग यंत्र असे धोरण तिने स्वीकारले. विंडोजवरील कार्यक्रम लिनक्सवर चालविणारा 'वाइन' हा मुक्त प्रकल्प १९९३ पासून स्वयंसेवकांच्या श्रमावर चालू होता. विंडोजची चित्रभाषा लिनक्सला समजेल अशा रूपात बदलणारा 'डीएक्सव्हीके' हा प्रकल्पही तयार होत होता. या दोहोंची सांगड घालून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' प्रसिद्ध झाले. त्यामुळे खेळ नव्याने बांधण्याची गरज बहुतांशी संपली. लोकीसारख्या कंपनीला एकेका खेळासाठी जे श्रम करावे लागत, ते काम आता सर्व खेळांसाठी एकाच दुभाष्याने होऊ लागले.

या पायावर फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र आले व ते लोकप्रिय ठरले. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेले. दि. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉल्व्हने नव्या 'स्टीम मशीन'ची घोषणा केली. सुमारे सहा इंची ठोकळ्याच्या आकाराच्या या यंत्रात १६ जीबी स्मृती आणि चित्रांसाठी स्वतंत्र ८ जीबी स्मृती असेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. किंमत मात्र जाहीर झाली नाही आणि घोषित विक्रीक्षेत्रांत भारताचा समावेश नव्हता.

मृतसाठा अद्याप शिल्लक आहे, हेही नोंदविले पाहिजे. अनेक ऑनलाइन खेळांत लबाडी रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरणारा पहारेकरी कार्यक्रम असतो. त्यामुळे व्हॅलोरंट, फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग आणि पबजीची संगणकावरील आवृत्ती लिनक्सवर खेळता येत नाहीत. एपेक्स लेजंड्स हा खेळ पूर्वी चालत असे, पण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या निर्मात्याने लिनक्सचा मार्ग बंद केला. आपल्या विद्यार्थ्यांना मोबाइलवरील पबजीने वेड लावले होते. मित्रांसोबत त्याच धर्तीचे खेळ मोठ्या पडद्यावर खेळण्याच्या आशेने जो हे यंत्र घेईल, त्याची निराशा होण्याचा संभव अधिक आहे.

महाराष्ट्र आणि लिनक्स :

महाराष्ट्राचे लिनक्सशी नाते खेळांपेक्षा लिपी व शिक्षण यांद्वारे जुळले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेल्या 'लोहित' टंकांमुळे लिनक्सवर देवनागरी वाचन-लेखन सुलभ झाले. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झालेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आली. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतून उपलब्ध करून दिले. तथापि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून गावोगावी जी संगणक साक्षरता पसरली, तिच्यातील पडदा प्रामुख्याने विंडोजचा होता. परिणामी तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचा हात विंडोजवर बसलेला आहे. दुसरीकडे, ज्या अँड्रॉइड फोनवर शेतकरी आज बाजारभाव पाहतो त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे लिनक्स उजनीकाठी केव्हाच पोहोचले आहे, मात्र स्वतःच्या नावाने नाही.

उजनीकाठच्या घराच्या दृष्टीने विचार :

१) वीज : २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. गावठाण व शेतीचे फीडर वेगळे करण्याच्या योजनेमुळे घरगुती पुरवठा पुढे पुष्कळ सुधारला. तरीही वादळवाऱ्यात वीज जाणे आणि दाब कमी-जास्त होणे चालूच असते. स्टीमओएसचा मूळ भाग केवळ वाचता येणारा असतो आणि त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. त्यामुळे अद्ययावतीकरण अर्धवट राहिले तरी यंत्र सुरू होण्याची शक्यता टिकते. हा तिचा खरा गुण आहे. मात्र यूपीएसचा खर्च खरेदीतच धरावा.

२) इंटरनेट : आता कॅसेट नाही. खेळ उतरवून घ्यावा लागतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' या एका खेळासाठी १५० जीबी जागा लागते. तेवढा मजकूर दररोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर उतरवायचा झाल्यास ७५ दिवस लागतील, आणि तेही घरात दुसऱ्या कोणी इंटरनेट वापरले नाही तर. वस्तीवर फायबर पोहोचले असेल तरच हे यंत्र आपल्या क्षमतेला जागते.

३) हमी व दुरुस्ती : भारतात अधिकृतपणे न विकलेले यंत्र परस्पर आयात करून विकणारे दुकानदार जादा किंमत आकारतात. त्या यंत्रास निर्मात्याची हमी येथे लागू होत नाही. बिघाड झाल्यास टेंभुर्णी वा जेऊर सोडाच, पुण्यातही त्याचा सुटा भाग मिळणे अवघड होईल.

४) बहुउपयोगिता : लिनक्स-संगणक केवळ खेळाचे यंत्र नाही. त्यावर ऑनलाइन अर्ज, अभ्यास, प्रोग्रॅमिंग आणि हिशेब ही कामे होतात व परवान्याचा खर्च लागत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घ्यावयाचाच असेल, तर ही बाब निर्णायक ठरू शकते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, त्यांना लिनक्सने पुढील काही वर्षे कामाचे ठेवता येईल. अर्थात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या संगणकावर मोठे खेळ चालतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

निष्कर्ष :

१) इंड्रेमापासून पहिल्या स्टीम मशीनपर्यंतचे प्रयत्न प्रामुख्याने खेळांच्या उपयुक्त साठ्याअभावी अयशस्वी झाले. २०१८ नंतरचे यश हे यंत्राचे नसून वाइन व प्रोटॉन या अनुवादाच्या थराचे आहे.

२) एकट्याने खेळावयाच्या खेळांची आवड असणाऱ्यांसाठी लिनक्स-आधारित गेमिंग संगणक आज विश्वासार्ह पर्याय झाला आहे. स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांसाठी तो तसा नाही.

३) अधिकृत विक्री व हमी नसताना आयात केलेले तयार यंत्र घेणे उजनीकाठच्या कुटुंबास हितावह नाही. त्याऐवजी तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतील असा, एएमडीचे ग्राफिक्स कार्ड असलेला साधा संगणक घ्यावा. त्यावर 'बॅझाइट'सारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवून तो टीव्हीला जोडावा. हा मार्ग अधिक सुरक्षित असून शिक्षणाचा हेतूही त्यात साधतो.

४) खरेदीपूर्वी आपणास हव्या असलेल्या दहा खेळांची यादी करावी. स्टीमवरील 'व्हेरिफाइड' ही खूण आणि 'प्रोटॉनडीबी' या संकेतस्थळावरील वापरकर्त्यांच्या नोंदी यांच्याशी ती ताडून पाहावी. दहापैकी सात-आठ खेळ चालत असतील तर पुढे जावे, अन्यथा थांबावे.

धरणाच्या भिंतीची उंची पाहून कोणी ऊस लावत नाही. आपल्या चारीला पाणी किती दिवस येणार, हे विचारूनच लावण होते. दिवाणखान्यात येऊ घातलेल्या या नव्या यंत्राविषयी हाच प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना व पालकांना लावणे, हे ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांचे काम आहे.