चिपखालचा डाख

चिमट्याच्या टोकानं त्यानं चिपला अगदी अलगद धक्का दिला. चिप केसभर सरकली आणि आपली आपणच परत जागेवर येऊन बसली. "वितळलं सगळं," असं म्हणून त्यानं वरचा हीटर बंद केला.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतलं ते छोटं दुकान. टेबलावर माझ्या भाचीचा जुना लॅपटॉप उघडा पडला होता. आधी त्याच्या पडद्यावर उभ्या रेघा आल्या, मग रंगीत चौकोन, आणि शेवटी दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच. दुसऱ्या एका ठिकाणी "मदरबोर्ड गेला, नवा घ्या" असं सांगून मोकळे झाले होते. या कारागिरानं बोर्ड तपासला आणि म्हणाला, "बाकी बोर्ड ठणठणीत आहे. ग्राफिक्सची चिप ड्राय झालीय." मी विचारलं, जळली का? तो म्हणाला, "जळली नाही हो काका. आतलं सोल्डर सुटलंय."

सोल्डर सुटलंय. हे वाक्य ऐकलं आणि मला आमच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. त्याची तोटी गळायला लागली की आजी म्हणायची, "डाख सुटलाय, लावून आणा." सोल्डरला मराठीत डाख म्हणतात. लॅपटॉपच्या पोटातली चिप आणि बंबाची तोटी एकाच घराण्यातल्या धातूनं जोडलेल्या असतात, ही गोष्ट त्या दिवशी मनात घर करून राहिली. मग या डाखाचं कूळ शोधायचं ठरवलं.

हे कूळ फार जुनं आहे. मूळ पुरुष दोन, कथील आणि शिसं. रोमन लेखक प्लिनी यानं पहिल्या शतकात लिहिलेल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथात दोन भाग शिसं आणि एक भाग कथील यांच्या मिश्रणाचा उल्लेख केला आहे. पाण्याचे नळ जोडायला ते वापरत. सोल्डर हा शब्दही लॅटिनमधूनच आला. 'सॉलिडारे' म्हणजे घट्ट करणे.

या जोडीची खुबी अशी, की एकट्यानं वितळायला दोघांनाही जास्त ताप लागतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, शिसं ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं, तर ते १८३ अंशांनाच पाणी होतं, आणि निवताना मधल्या रबरबीत अवस्थेत न रेंगाळता एकदम घट्ट होतं. फ्रेडरिक गथ्री या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं १८८४ साली अशा मिश्रणांना ग्रीकवरून 'युटेक्टिक' हे नाव दिलं. अर्थ सरळ आहे: सहज वितळणारं. रेडिओपासून टीव्हीपर्यंत विसाव्या शतकातलं बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स या सहज वितळणाऱ्या डाखावर उभं राहिलं.

डाखाचा एक सोबतीही पिढ्यानपिढ्या त्याच्याबरोबर चालत आला आहे. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात आधी नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, आणि मगच कथील भांड्याला धरतं. नवसागर धातूवरचा गंज खातो. स्वच्छ धातू मिळाल्याशिवाय कथील पसरत नाही. त्या दिवशी टेबलावरच्या कारागिरानं चिप बसवण्याआधी बोर्डावर मधासारखा चिकट पदार्थ बोटानं पातळ फासला. तो फ्लक्स. त्यात बहुतेक वेळा झाडाची राळ असते आणि तिचं काम नवसागराचंच. धूर निघाला, वास आला, आणि मला दारावरून जाणारा कल्हईवाला दिसायला लागला.

आता डाख चिपखाली कसा गेला, ते पाहू. सुरुवातीला चिपला कडेनं पाय असत. पाय बोर्डाच्या भोकांत घालायचे आणि मागून डाखायचे. पुढे पाय वाढत गेले, बारीक होत गेले, वाकायला लागले. कडेला जागा किती पुरणार? चिपचं सगळं पोट रिकामं असताना जोड फक्त कडेलाच का ठेवायचे, हा प्रश्न आयबीएम या कंपनीच्या अभियंत्यांनी फार आधी सोडवला होता. एप्रिल १९६४मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० या संगणकात त्यांनी सिलिकॉनचे तुकडे पालथे घालून बसवले. मधे तांब्याचे इवलेसे गोळे ठेवले, म्हणजे डाख वितळल्यावर तुकडा खाली बसू नये. पुढे एल. एफ. मिलर यांनी तांब्याचे गोळेही काढून टाकले. डाख पसरेल तेवढीच जागा आखून दिली, तर वितळलेला थेंब स्वतःच्या पृष्ठताणानं तुकड्याला उचलून धरतो, हे त्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवलं. तपकीर गल्लीत धक्का दिल्यावर चिप परत जागेवर आली, ती याच पृष्ठताणामुळे.

त्याच वर्षी, त्याच आयबीएमच्या नियतकालिकात नॉरिस आणि लँड्झबर्ग यांचा लेख आला: हे थेंब टिकणार किती? माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात मोलाचा कागद हाच. १९५०च्या दशकात कॉफिन आणि मॅन्सन यांनी धातूच्या थकव्याचं गणित मांडलं होतं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. नॉरिस आणि लँड्झबर्ग यांनी हेच गणित डाखाच्या थेंबाला लावलं. त्यांचं म्हणणं असं, की थेंबाला नुसती उष्णता मारत नाही, तापणं आणि निवणं यांतली फेरी मारते. चढउतार दुप्पट झाला, तर आयुष्य साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं.

हे का होतं, ते समजायला आकडेमोड फार लागत नाही. एक अंश तापलं की सिलिकॉन दहा लाखांत सुमारे तीन भाग फुगतं. त्याच्या खालची तळपट्टी सतरा भागांच्या आसपास. चिपच्या मध्यापासून कोपरा आठ मिलिमीटर असला आणि ती साठ अंशांनी तापली, तर मोकळं सोडल्यास दोघांत सात मायक्रॉनच्या आसपास फरक पडेल. म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. पण ज्या थेंबानं ही ओढाताण सोसायची, त्याची उंचीच शंभर मायक्रॉनच्या आत असते. लॅपटॉप चालू केला, खेळ लावला, बंद केला. सकाळी पुन्हा चालू केला. दर फेरीला कोपऱ्यातले थेंब थोडे तिरके होतात. शेवटी एका थेंबात बारीक चीर जाते. ती कधी जुळते, कधी उघडते. पडद्यावर रेघा येतात आणि जातात. चीर आरपार गेली की पडदा काळा.

आधाराला म्हणून त्या थेंबांच्या मधे राळेसारखं घट्ट होणारं एक रसायन भरतात, अंडरफिल. ते ताण वाटून घेतं. पण ठरावीक तापमानाच्या वर तेही मऊ पडतं, आणि मग सगळा भार पुन्हा थेंबांवर.

१९८०च्या दशकाच्या शेवटी मोटोरोला कंपनीच्या पुढाकारानं गोळ्यांची दुसरी पिढी आली. सिलिकॉनचा तुकडा तळपट्टीवर, आणि तळपट्टीच्या खाली मोठ्या गोळ्यांची जाळी, जी थेट बोर्डाला चिकटते. तिला बॉल ग्रिड ॲरे, म्हणजे बीजीए म्हणतात. म्हणजे चिपखाली एक सोडून दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर डोळ्यांना न दिसणारे थेंब, खालच्या मजल्यावर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे गोळे. दुरुस्ती करून घेताना फसगत होते ती याच दोन मजल्यांमुळे.

आता कथेत लॅपटॉप येतो. ग्राफिक्सच्या चिपची भूक आणि ताप वाढत गेले, आणि लॅपटॉप मात्र सडपातळ होत गेले. उष्णता बाहेर काढायला तांब्याची चपटी नळी असते, हीट पाइप. तिचं तत्त्व अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३च्या सुमारास सिद्ध केलं. आत थोडं द्रव असतं. ते चिपपाशी उकळतं, पंख्यापाशी निवतं आणि आतल्या जाळीतून परत येतं. नळी उत्तम काम करते, पण पुढचं काम पंख्याचं आणि हवेचं. लॅपटॉप गादीवर ठेवला की हवेची वाट बंद.

जुलै २००६मध्ये युरोपीय संघानं इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर मर्यादा घातली: ०.१ टक्का. कारण रास्त होतं. फेकलेल्या बोर्डांतलं शिसं माणसांच्या रक्तात जातं आणि मुलांच्या मेंदूला इजा करतं. भारतातल्या ई-कचऱ्याच्या नियमांतही तीच मर्यादा आहे. कंपन्या ९६.५ टक्के कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं अशा डाखाकडे वळल्या. तो २१७ अंशांच्या वर वितळतो आणि जुन्यापेक्षा कडक असतो. कारागीर मंडळी म्हणतात, "शिसं गेलं आणि लॅपटॉप बिघडायला लागले." पण या म्हणण्यात अर्धंच सत्य आहे.

पुढची प्रकरणं पाहा. एक्सबॉक्स ३६० हे खेळाचं यंत्र २००५च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलं. ते बंद पडताना त्यावर लाल कडं पेटायचं. ५ जुलै २००७ला मायक्रोसॉफ्टनं तीन वर्षांची हमी दिली आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलर बाजूला काढले. वर्षभरानं, २ जुलै २००८ला, एनव्हिडियानं जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या काही चिपा अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत. १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. कारणं तीन सांगितली होती: चिप आणि तिचं वेष्टन यांतलं कमकुवत साहित्य, लॅपटॉप थंड ठेवण्याची रचना आणि वापरण्याची पद्धत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्या चिपांच्या वरच्या मजल्यावरचे थेंब शिशानं समृद्ध होते. जास्त शिशाच्या डाखाला कायद्यानं सूट होती. पुढे कंपनी तिथं युटेक्टिक मिश्रणाकडे गेली. तेव्हा दोष एकट्या कायद्याच्या माथी मारता येत नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये ॲपलनंही २०११च्या काही मॅकबुक प्रोंसाठी पडद्याच्या बिघाडाची मोफत दुरुस्ती जाहीर केली.

या बिघाडांतून एक नवा धंदा उभा राहिला आणि त्याबरोबर काही नवे गैरसमजही. इंटरनेटवर लोक बोर्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजायला लागले, एक्सबॉक्स टॉवेलात गुंडाळायला लागले. आपल्याकडे त्याला 'हीट मारणे' म्हणतात. पडदा खरंच उजळतो! पण का, ते त्या कारागिरानं मला फार छान समजावलं. त्याची गोष्ट दोन मजल्यांचीच. वरच्या मजल्यावरचे जास्त शिशाचे थेंब वितळायला तीनशे अंशांच्या वर जावं लागतं. तेवढ्यात बोर्ड करपेल. मग वितळतं कोण? फारतर खालचे गोळे. वरच्या चिरेची फक्त तोंडं फुगून एकमेकांना टेकतात. "चीर तिथंच असते काका," तो म्हणाला. "दहा दिवस चालतो, कधी दोन महिने. गिऱ्हाईक परत येतंच." म्हणून जुनीच चिप काढून तिला नवे गोळे लावले, म्हणजे रिबॉलिंग केलं, तरी खालचा मजला दुरुस्त होतो, वरचा नाही. वरचा थेंब तुटला असेल, तर नवी चिप हाच उपाय. रिबॉलिंगचे पैसे देण्याआधी गिऱ्हाइकानं हे विचारलंच पाहिजे: जुनी चिप की नवी?

आमच्या बोर्डाला त्यानं नवी चिप लावली. तिच्या खालचे शिसेविरहित गोळे त्यानं तांब्याच्या जाळीच्या पट्टीनं पुसून काढले. भोकांची पत्र्याची चाळणी ठेवली, लहान काचेच्या बाटलीतून शिसं-कथलाचे गोळे राईसारखे ओतले, चाळणी हलवली. प्रत्येक भोकात एक गोळा पडला. उरलेले परत बाटलीत. मग बोर्ड खालून आणि वरून तापत गेला, भराभर नव्हे, पायरीपायरीनं. नाहीतर बोर्ड वाकतो. आणि तो चिमट्याचा धक्का. मला एक गोष्ट खटकली, तीही सांगतो: ज्या शिशाला घराबाहेर काढायला कायदा झाला, ते दुरुस्तीच्या वाटेनं परत येतंय, आणि त्या धुरात हा मुलगा दिवसाचे दहा तास बसतो. त्याच्या टेबलाला धूर ओढणारा पंखा असायला हवा, आणि दुरुस्तीचा दर ठरवताना त्या पंख्याची किंमत आपण धरायला हवी. कल्हईवाल्याच्या धुराचा विचार आपण कधी केला नाही; याच्या धुराचा तरी करू या.

बोर्ड निवेपर्यंत त्यानं पंखा उघडला. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्या मधे राखाडी लोकरीच्या पट्टीसारखी धूळ घट्ट बसली होती. चिमट्यानं त्यानं ती सलग ओढून काढली आणि कागदावर ठेवली. मग चिपवरची, उष्णता पुढे नेणारी पण वाळून खडू झालेली पेस्ट खरवडली, नवी लावली.

"वर्षातून एकदा एवढं करा," तो म्हणाला. "गादीवर ठेवू नका. पंखा ओरडायला लागला की ऐका."

लॅपटॉप सुरू झाला, पडदा स्वच्छ आला. भाचीला दाखवायला म्हणून मी ती धुळीची पट्टी कागदात गुंडाळून घरी नेली.