कॉर्टिसोनचें ऋण आणि बुरशी

यवतमाळ जिल्ह्यांतील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गांवीं आज प्रेडनिसोलोनची गोळी रुपया-दोन रुपयांत मिळते. ही स्वस्ताई कोणाच्या कृपेची, याचा विचार आपण क्वचितच करितों.

इ. स. १९४८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका तरुणीस एक नवें औषध टोंचलें. कांहीं दिवसांतच ती मोकळेपणानें चालूं लागली. मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या ग्रंथींतील हें द्रव्य, म्हणजेच कॉर्टिसोन, एडवर्ड केंडॉल यांनीं पूर्वींच वेगळें काढिलें होतें. १९५० सालीं या दोघांस राइखश्टाइन यांजसह नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु बैलाच्या पित्तापासून तीसांहून अधिक पायऱ्यांनीं बनणारें हें औषध गरिबाच्या आवाक्यांतलें नव्हतें. १९५२ सालीं अपजॉन कंपनीचे पीटरसन व मरे यांनीं ती अडचण दूर केली, ती रायझोपस नामक बुरशीच्या साह्यानें. शिळ्या भाकरीवर उगवणाऱ्या काळ्या बुरशीचेंच हें कूळ! रसायनज्ञांस जी पायरी अत्यंत कठीण जाई, ती या क्षुद्र जीवानें एका दमांत ओलांडली.

दाह म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांचाच गोंगाट होय. स्टेरॉइड तो शमवितें, म्हणून दमेकऱ्यास श्वास मिळतो आणि ॲलर्जीची सूज उतरते. पण पहारेकरी निजला म्हणजे चोरासही वाट मोकळी होते. जून २०२० मध्यें ऑक्सफर्डच्या प्रयोगांतून सिद्ध झालें कीं, डेक्सामेथासोननें कृत्रिम श्वासावरील कोविड-रुग्णांचे मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें घटतात. ज्यांस प्राणवायूची गरज नाहीं त्यांस मात्र लाभ होत नाहीं. हें दुसरें वाक्य पुष्कळांनीं ऐकलेंच नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती-यवतमाळकडे दुसरी लाट उसळली, आणि मे महिन्यांत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरीं पोहोंचला. मधुमेह व स्टेरॉइडचा अतिरेक यांच्या आश्रयानें डोळे आणि प्राण हिरावणाऱ्या त्या रोगाचें प्रमुख कारण कोणतें? तीच रायझोपस!

जिनें औषध स्वस्त केलें, तिनेंच त्याच्या अविवेकी वापराचा दंड वसूल केला. आमच्या मतें दोष औषधाचा नव्हे. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकीं सोडणें हेंही तितकेंच घातक. कारण तोंवर शरीराची स्वतःची ग्रंथि निजलेली असते. सुरुवात व शेवट दोन्हीं वैद्याच्या सल्ल्यानेंच व्हावीं. स्वस्त वस्तूचें मोल विसरण्याची आपली जुनी खोड येथें प्राणांशीं गांठ घालते.