वाहनातील हौशी रेडिओसंच : वीजपुरवठा व भूजोडणी

मोटारीतील हॅम म्हणजे हौशी रेडिओसंचाला बॅटरीतून वीज पुरविण्याची आणि त्याचा परतीचा मार्ग पक्का करण्याची पद्धती. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगा अतिउच्च कंप्रतेच्या लहरी अडवत असल्याने मांजरसुंब्यासारख्या उंच पठारावर वाहन नेणे सोयीचे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला होता.

शंभर वॉटचा संच प्रक्षेपण करताना सुमारे २० अँपिअर प्रवाह ओढतो आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटला हा भार पेलत नाही, म्हणून तारा थेट बॅटरीपासून आणतात. धन तारेचा फ्यूज बॅटरीलगतच हवा, कारण तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकल्यास फ्यूजच्या अलीकडच्या भागाला कोणतेच संरक्षण उरत नाही. ४ चौ. मिमी. तांब्याच्या तारेची जाता-येता लांबी १० मी. असल्यास या प्रवाहाला सुमारे ०.९ व्होल्ट दाब वाटेतच घटतो. त्यामुळे जाड तारेवरील खर्च वाया जात नाही.

ज्या वाहनांत बॅटरीच्या ऋण अग्रावर प्रवाहमापक संवेदक असतो, तेथे संचाची ऋण तार संवेदकापलीकडे, सांगाड्याच्या बाजूला, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर जोडतात. लघुलहरींसाठी हाच सांगाडा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग ठरतो, म्हणून बॉनेट आणि सायलेन्सरची नळीही रुंद विणलेल्या पट्टीने त्याला जोडणे हिताचे असते. मालट्रकची वीजप्रणाली बहुधा २४ व्होल्टची असल्याने तेथे १२ व्होल्टचा परिवर्तक लागतो.